एक अँटीव्हायरस लाल, दुसरा हिरवा, फॉर्म भरायचा का नाही?

मा. संपादक साहेब,

नमस्कार. सेलूत माझं छोटं ऑनलाईन सेंटर आहे, झेरॉक्स, पीक विमा, सातबारा, सगळे फॉर्म, आणि ॲडमिशनच्या दिवसात तर दुपारचा डबा चारला उघडतो. मागच्या आठवड्यात एक मावशी पोरीला घेऊन पहिल्या एसटीनं आल्या, एका खासगी कॉलेजचा फॉर्म भरायचा होता, शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी. एका कॉम्प्युटरवर साइट टाकली तर अख्खी स्क्रीन लाल, ही वेबसाइट धोकादायक आहे म्हणून. बाजूच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस आहे, तिथं हिरवी खूण. मोबाइलवर तर काहीच नाही, सरळ फॉर्म उघडला. मावशी माझ्या तोंडाकडं बघायल्या, म्हणल्या, "दादा, एक म्हनायलंय हाय, एक म्हनायलंय न्हाई, मग खरं कोन्तं धरायचं?" इतकी वर्षं हाच धंदा करतोय पण मला पटकन उत्तर देता आलं नाही, खरं सांगतो.

कॉलेजला फोन लावला, क्लार्क साहेबांनी उचलला. "आमच्याकडं तर उघडायलीय, तुमच्याच कॉम्प्युटरात व्हायरस असल," म्हणून ठेवून दिला.

आता लोकांना वाटतं अँटीव्हायरस साइटच्या आत शिरून सगळं तपासतो आणि मग निकाल देतो. बऱ्याच वेळा तसं काही नसतं, कंपनीकडं वाईट पत्त्यांची एक यादी असते, नाव त्या यादीत असलं की लाल, नसलं की हिरवा, आणि प्रत्येक कंपनीची यादी वेगळी, ती अपडेट व्हायची वेळ वेगळी. व्हायरसटोटल म्हणून एक साइट आहे, २००४ ला स्पेनमध्ये सुरू झाली, २०१२ ला गूगलनं घेतली, तिथं पत्ता टाकला की सत्तरएक कंपन्यांचं मत एकदम दिसतं. मी टाकला. तीन लाल, बाकी सगळे हिरवे. मग तीनच आहेत म्हणून सोडून द्यायचं का? तिथंच तर गोची आहे. नवी फसवी साइट पहिल्या दिवशी दोघातिघांनाच सापडते, आणि चांगल्या साइटला पण दोघंतिघं उगीच लाल करून ठेवतात, बघणाऱ्याला दोन्हीकडं सारखंच दिसतं.

उगीच लाल कसं होतं ते पण बघितलंय. एका मित्राची बियाण्याच्या दुकानाची साइट, इंटरनेटवर स्वस्तातली जागा घेतलेली, एका सर्व्हरवर म्हणजे साइट ठेवायच्या एकाच कॉम्प्युटरवर शेकडो साइट, त्यात कोण्या शेजाऱ्यानं भानगड केली आणि हा बिचारा पण यादीत. मेल वर मेल टाकले तेव्हा नऊ दिवसांनी नाव निघालं, ते पण ऐन पेरणीत. मोठ्यांचं पण होतं बरं का, ३१ जानेवारी २००९ ला खुद्द गूगलच्या धोक्याच्या यादीत कोणाच्या तरी हातून नुसती एक तिरकी रेघ (/) पडली, ती तर प्रत्येकच पत्त्यात असते, आणि जवळजवळ तासभर सर्चमधल्या सगळ्याच साइटखाली कॉम्प्युटरला अपाय होईल असं लिहून येत होतं.

आणि आमच्याकडची गंमत वेगळीच. कॉम्प्युटरच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला आणि लाइट गेली की तारीख एकदम दहा-पंधरा वर्षं मागं जाते, मग कोणतीही साइट उघडा, कनेक्शन सुरक्षित नाही. ह्याचा व्हायरसशी काडीचा संबंध नाही, पण सेल बदलून व्हायरस काढल्याचे पाचशे घेणारे आहेत. असो.

तर त्या रात्री लाइट आल्यावर बसलो, गूगलवर त्या कॉलेजची सगळी पानं काढून बघितली तर खाली जपानी अक्षरातली पानंच्या पानं, बॅगा अन् घड्याळं विकायची! कोणीतरी आत घुसून ती टाकली होती. असली पानं कधी कधी गूगलवरून येणाऱ्यालाच दाखवतात, सरळ पत्ता टाकणाऱ्याला नाही, म्हणून तर क्लार्क साहेबांना सगळं ठीक दिसत होतं. म्हणजे तिघं लाल म्हणत होते तेच बरोबर निघाले. मावशीला मी फॉर्म भरू दिला नव्हता कारण त्यात आधार, पासबुक सगळं अपलोड करायचं होतं, नुसतं वाचायचं असतं तर मी पण एवढं ताणलं नसतं. मायलेकी सकाळी जिल्ह्याला जाऊन कागदावर फॉर्म भरून आल्या, एक रोज बुडाला, भाडं गेलं ते वेगळं. पैसे गेल्यावर १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा हे सगळे सांगतात, जायच्या आधी कोणाला विचारायचं ते कोणीच सांगत नाही. कॉलेजवाल्यांनी जाहिरातीत निदान साइट बघणाऱ्या माणसाचा तरी नंबर द्यावा, आणि साइट लाल होती तेवढे दिवस तारीख वाढवून द्यावी.

आणि साहेब, राग मानू नका, थोडं तुम्हाला पण. जाहिरातीत वेबसाइटचा पत्ता एका ओळीत मावला नाही की तुमच्याकडं मधे आडवी रेघ देऊन खालच्या ओळीत टाकतात. लोक ती रेघ पण टाइप करतात आणि भलत्याच पत्त्यावर जातात, तो पत्ता उद्या कोणी विकत घेऊन तसलाच फॉर्म लावला तर नवा म्हणून तो कोणाच्याच यादीत नसणार, लाल काही येणार नाही. तेवढा पत्ता एका ओळीत छापा, अक्षर बारीक झालं तरी चालेल, आम्ही चष्मा लावून वाचू.

आपला,
एक ऑनलाईन सेंटरवाला, सेलू, जि. परभणी