गुणतक्त्याच्या मध्यावर अडकलेले इटालियन क्लब

संपादक महोदय,

युव्हेंटसने सलग नऊ विजेतेपदे मिळवल्यानंतर 2020-21 ते 2024-25 या पाच मोसमांत इंटर, मिलान, नापोली, इंटर, नापोली असे विजेते झाले. तेवढ्यावरून इटलीच्या सर्वोच्च फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे सेरी एमध्ये, समतोल आला असे क्रीडा पानांवर सर्रास लिहिले जाते. चुरस आहे, पण ती वरच्या मोजक्या क्लबांत. 2001-02 ते 2024-25 या चोवीस मोसमांत युव्हेंटस, इंटर, मिलान आणि नापोली यांच्याखेरीज एकाही क्लबाला सेरी ए जिंकता आलेली नाही. याउलट 1982-83 ते 1990-91 या नऊ मोसमांत रोमा, युव्हेंटस, व्हेरोना, नापोली, मिलान, इंटर आणि साम्पदोरिया असे सात वेगवेगळे विजेते झाले. त्यातले व्हेरोना आणि साम्पदोरिया हे खऱ्या अर्थाने गुणतक्त्याच्या मध्यावरचे क्लब. नापोलीला त्या पंक्तीत बसवणे चूक आहे. एवढ्या मोठ्या शहराचा आणि एवढ्या पाठिराख्यांचा क्लब ‘छोटा’ कसा?

1984-85 मध्ये व्हेरोना जिंकले तेव्हा लीगमध्ये सोळाच संघ होते आणि परदेशी खेळाडू दोनच चालत. व्हेरोनाने त्याच उन्हाळ्यात एल्केयर आणि ब्रीगेल यांना आणून दोन्ही जागा भरल्या. मोठ्या क्लबांनाही दोनच जागा होत्या, हे महत्त्वाचे. बॉसमन या खेळाडूच्या खटल्यातील युरोपीय न्यायालयाच्या 1995 च्या निकालानंतर युरोपीय संघातल्या खेळाडूंवरची मर्यादा गेली. 1999 पासून प्रत्येक क्लब प्रक्षेपणहक्क स्वतंत्रपणे विकू लागला आणि दरी रुंदावली.

ती बुजवण्यासाठी 2010-11 पासून हक्क पुन्हा एकत्र विकले जाऊ लागले. तेव्हाच्या सूत्रात 40 टक्के रक्कम समान वाटली जाई, 30 टक्के निकालांवर आणि 30 टक्के पाठिराखे व शहराची लोकसंख्या यांवर. निकालांच्या भागात थेट 1946 पासूनची कामगिरी मोजली जात असे, म्हणजे आजोबांच्या पराक्रमावर नातवाला भत्ता. 2018-19 पासून समान वाटा 50 टक्के झाला. सुधारणा चांगली होती, पण तोवर खरा पैसा दुसऱ्याच दाराने, म्हणजे युरोपीय स्पर्धांतून, येऊ लागला होता.

हिशेब मांडून पाहा. 2024 पासूनच्या करारात देशांतर्गत प्रक्षेपणाचे वर्षाला सुमारे 90 कोटी युरो येतात. खालच्या विभागांसाठीचे 10 टक्के वजा करून उरलेल्याचा निम्मा भाग वीस क्लबांत वाटला, तर प्रत्येकाच्या वाट्याला ढोबळमानाने दोन कोटी युरो पडतात. 2024-25 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये, म्हणजे युरोपीय क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेत, नुसत्या सहभागाचे 1 कोटी 86 लाख युरो मिळत, शिवाय प्रत्येक विजयाला 21 लाख आणि बरोबरीला 7 लाख. त्याखालच्या युरोपा लीगची सहभाग रक्कम 43 लाख, तिच्याही खालच्या कॉन्फरन्स लीगची जेमतेम 32 लाख. चॅम्पियन्स लीगच्या जागा सहसा पहिल्या चारांनाच मिळतात. म्हणजे चौथ्या आणि सातव्या क्रमांकांमधले अंतर चार-पाच गुणांचे असले, तरी तिजोरीत ते कोटींचे होते. त्यातही चॅम्पियन्स लीगच्या एकूण रकमेचा 35 टक्के भाग क्लबाची जुनी युरोपीय कामगिरी आणि देशाची प्रक्षेपण-बाजारपेठ पाहून वाटला जातो. नवख्याला तिथेही मागचाच पाट. युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेचा 70 टक्क्यांचा नियम (पगार, खेळाडूखरेदीचा वार्षिक भार आणि दलालांचे मानधन मिळून उत्पन्नाच्या 70 टक्क्यांच्या आत) उधळपट्टी रोखतो खरा, पण ज्याचे उत्पन्न मोठे त्याचे 70 टक्केही मोठेच.

बोलोन्याचे उदाहरण ताजे आहे. 2023-24 मध्ये 68 गुणांसह पाचवे येऊन, त्या वर्षी इटलीला मिळालेल्या जादा जागेमुळे, त्यांनी चॅम्पियन्स लीग गाठली. त्याच उन्हाळ्यात प्रशिक्षक थियागो मोटा युव्हेंटसला, आघाडीपटू झिर्कझी मँचेस्टर युनायटेडला आणि बचावपटू कालाफिओरी आर्सेनलला गेले. झिर्कझीच्या करारात 4 कोटी युरोंचे सुटकेचे कलम होते. तेवढी रक्कम समोर आली की क्लबाला नाही म्हणताच येत नाही. कालाफिओरीच्या विक्रीतला मोठा हिस्सा त्याच्या आधीच्या क्लबाला, बासेलला, द्यावा लागला. चॅम्पियन्स लीगमध्ये मग आठ सामन्यांत एकच विजय आणि 36 संघांत 28 वे स्थान. मधल्या क्लबांचे घोडे पेंड खाते ते इथे. हाती पैसा कमी म्हणून स्वस्तात खेळाडू घेताना अशी कलमे मान्य करावी लागतात आणि यश आले की तीच अंगावर येतात.

बेर्गामो शहराच्या अटालांटा क्लबाने यातून वाट काढली. तिथले स्टेडियम 2017 मध्ये महापालिकेकडून विकत घेतले, झिंगोनियातल्या आपल्या युवा अकादमीवर सातत्याने खर्च केला आणि 2016 ते 2025 प्रशिक्षक एकच ठेवला, गास्पेरिनी. आघाडीपटू होयलुंडला 2022 मध्ये सुमारे 1 कोटी 70 लाखांत घेऊन वर्षभरात 7 कोटींहून जास्त किमतीला विकले. ताळेबंदात खरेदीची किंमत कराराच्या पाच वर्षांत विभागली जात असल्याने वर्षअखेर त्याची नोंद साधारण 1 कोटी 36 लाखांची उरते. वरचा सगळा नफा. तरी 2024 ची युरोपा लीग जिंकणाऱ्या या क्लबाला सेरी ए अद्याप जिंकता आलेली नाही.

पैशाचे सूत्र बदलणे एकट्या इटलीच्या हाती नाही. कोपा इटालिया या देशांतर्गत बाद पद्धतीच्या स्पर्धेचे नियम मात्र आहेत, आणि तिच्या विजेत्याला युरोपा लीगची जागा मिळते. 2021-22 पासूनच्या रचनेत मागच्या मोसमातले पहिले आठ संघ थेट अंतिम सोळांत उतरतात, आणि तो एकच सामना, तोही घरच्या मैदानावर. बोलोन्याने 2025 मध्ये अंतिम सामन्यात मिलानला 1-0 हरवून 1974 नंतरचा पहिला मोठा करंडक जिंकला. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत यजमानपद खालच्या क्रमांकाच्या संघाला द्यावे, एवढा एक नियम बदलला तरी मधल्या क्लबांना युरोपा लीगची एक जागा बरीच जवळ येईल.

आपल्या क्रीडा पानाला एक विनंती. खेळाडूविक्रीची बातमी देताना नुसता मोठा आकडा न छापता कराराची उरलेली वर्षे, सुटकेचे कलम आणि आधीच्या क्लबाचा वाटा माहीत असेल तर तोही छापावा. विकणाऱ्या क्लबाच्या हाती नेमके काय उरले, ते त्यावरूनच कळते.

— एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर