चाळीस तासांतले काही तास नव्याने आलेल्या मुलांसाठी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवावरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मुलं ढोल-ताशा पथकात रमतात, उत्सवात स्वयंसेवक म्हणून राबतात, हे त्यात छान आलं आहे. त्याला जोडून कॅनडातल्या मराठी घरांना, विशेषतः माझ्या वयाच्या मुलामुलींना, एक विनंती करायची आहे : समाजसेवेचे काही तास नव्याने आलेल्या निर्वासित मुलांच्या अभ्यासासाठी द्या.

आठवी संपवून मी नाशिकहून टोरंटोच्या स्कारबरो भागात आले. आता विद्यापीठात शिकते आणि आठवड्यातून एक संध्याकाळ नव्याने कॅनडात आलेल्या मुलांबरोबर अभ्यासाला बसते. बहुतेक अफगाण, काही सीरियन, काही आफ्रिकेतून आलेली. मी त्यांची शिक्षिका नाही. याच शाळांतून त्यांच्या थोडी आधी बाहेर पडलेली ताई, एवढंच माझं नातं.

२०२१मध्ये तालिबानने काबूल घेतल्यावर कॅनडाने ४० हजार अफगाणांना आसरा द्यायचं ठरवलं आणि २०२३मध्ये तो आकडा पूर्ण झाला. त्यांत अशा मुली आहेत की ज्यांची शाळा सातवी-आठवीतच बंद पडली. मग कागदपत्रांची वाट बघत पाकिस्तानात वर्षं गेली. वयाने अकरावीची, अभ्यासाने सातवीची, असं होतं. शिक्षण मध्येच तुटलेल्यांसाठी ओंटारियोच्या शाळांत वेगळे वर्ग आहेत, एकविसाव्या वर्षापर्यंत शाळेत राहता येतं. सोयी आहेत. त्या कुणाला, कधी आणि कशा मागायच्या, हे सांगणारं माणूस मात्र घरात नसतं.

पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा फॉर्मच घ्या. डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या एका मुलीने त्यात गणितापुढे एमबीएफ३सी हा विषयाचा कोड लिहिला होता. दहावीच्या गणितात तिला उत्तम गुण होते, कच्चं होतं ते इंग्रजी. ‘हे सोपं पडेल’ असं कुणीतरी सांगितलं आणि तिने लिहून टाकलं. मी शेवटच्या अक्षरावर बोट ठेवून दाखवलं : सी म्हणजे कॉलेजची (इथे कॉलेज म्हणजे बहुतेक पदविका, कौशल्याचं शिक्षण) वाट, यू म्हणजे विद्यापीठाची, पदवीची. तुला एमसीआर३यू हवं. दुसऱ्या दिवशी ती समुपदेशकांकडे जाऊन विषय बदलून आली. पाच मिनिटांचं काम. पण ते राहिलं असतं तर पुढे एक अख्खं वर्ष गेलं असतं. समुपदेशकांचा यात दोष नाही, त्यांच्या वाट्याला शेकडो मुलं असतात.

आपल्या मुलांची इथे एक बाजू भक्कम आहे, ती म्हणजे हिंदी. पाकिस्तानात राहून आलेल्यांना उर्दू येते आणि कितीतरी अफगाण मुलांना आपल्या सिनेमा-मालिकांमुळे हिंदी चांगलं समजतं. जे इतर स्वयंसेवकांना हातवारे करून सांगावं लागतं, ते आपण बोलता बोलता सांगून मोकळे होतो. आणि शब्द कळला की ती मुलंही खुलतात, उलट प्रश्न विचारतात.

ओंटारियोत बारावीच्या दाखल्यासाठी ३० क्रेडिटांबरोबर ४० तास समाजसेवा लागते. आपल्याकडची बरीच मुलं हे तास मंडळातच भरतात. खुर्च्या मांडायला, पानं वाढायला माणसं हवीतच. पण त्यातले निम्मे तास तरी या मुलांसाठी द्यावेत. मंडळांनी जवळच्या स्थलांतरित-सेवा संस्थेशी एकदा बोलून घेतलं तरी वाट मोकळी होईल.

‘आपण कुठे निर्वासित आहोत?’ असं काही पालक मला तोंडावर म्हणाले. मला ते फार लागलं. शिक्षण-नोकरीचे पॉइंट मोजून कॅनडात प्रवेश मिळालेल्या घरातल्या मुलालाही पहिल्या वर्षी डबा कुणाबरोबर खायचा हा प्रश्न पडतोच, आणि तेव्हा कुणी बोलावलं तर ते जन्मभर लक्षात राहतं.

जे येतील त्यांना एवढंच सांगेन : ‘तुझ्या घरचे कुठे आहेत, तिथे काय झालं’ हे आपण होऊन विचारू नका. ती सांगू लागली तर ऐका आणि काळजीचं काही वाटलं तर संस्थेच्या कार्यकर्त्याच्या कानावर घाला. फोटो काढून इन्स्टाग्रामवर टाकू नका. आणि ठरलेला वार चुकवू नका. महिनाभर जाऊन बंद करायचं असेल तर सुरूच करू नये. या मुलांनी आधीच पुष्कळ माणसं मागे सोडली आहेत.

पुण्यातल्या वाचकांनाही हे लागू आहे. तिथे अफगाण, येमेनी, सुदानी विद्यार्थी शिकतात. त्यांच्याबरोबर परदेशी नोंदणी कार्यालयात जाणं, खोली बघताना घरमालकाशी मराठीत बोलणं, एवढं वर्गमित्राला सहज जमण्यासारखं आहे.

इथे शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होतात. अठरा वर्षांवरील स्वयंसेवकांची पोलिस पडताळणी करतात आणि त्यात कधी कधी बरेच आठवडे जातात. तेव्हा अर्ज सुट्टी लागताच करावेत.

आपली,
एक विद्यार्थिनी, स्कारबरो (टोरंटो)