गॅलरीचा कठडा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की आपोआप बंद झाला, कळलं नाही. "बाबा, हॉटेलचं मी बघते" एवढं ऐकू आलं. बरोबरच आहे. दोन पोरं आणि माईंना घेऊन पुण्याहून स्वतः गाडी चालवत वेरूळ-अजिंठ्याला निघालेल्या मुलीला खोली कुठली घ्यावी हे मी काय सांगणार? गॅलरीबद्दल तर बोलणारच नाही. फक्त मुक्कामाचं लिहितो.

तिन्ही रात्री संभाजीनगरातच ठेवल्यास. वेरूळसाठी ते ठीक, जेमतेम तीस किलोमीटर, वाटेत देवगिरी. पण अजिंठा तिथून शंभर किलोमीटरवर. एका दिवसात जाऊन-येऊन दोनशे, शिवाय लेण्यांमधली पायपीट. ओजसचे हाल होतील. सोमवारची रात्र फर्दापूरला काढ. हॉटेलं कमी आहेत, साधीही आहेत, पण सकाळी लवकर फाट्यावर गाडी लावून बसने चार किलोमीटर गेलं की लेणी. मुलं ताजी असताना पहिल्या लेण्यातलं पद्मपाणीचं चित्र बघतील. आत अंधुक असतं, डोळे सरावेपर्यंत अन्वीला घाई करू देऊ नकोस. माईंच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपायच्या नाहीत. तिथे डोली मिळते. त्या नको म्हणतील, तू ऐकू नकोस.

आणि वार बघ. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. रविवारी निघताय तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. उलट केलंस तर दोन्हीकडून हात हलवत परत.

हॉटेलला फोन करून विचार: चौघांना एक मोठी खोली आहे का, लिफ्ट आहे का, गरम पाणी दिवसभर येतं की सकाळीच, रात्री दूध गरम करून मिळेल का. आणि गॅलरीचा कठडा उभ्या गजांचा आहे की आडव्या नळ्यांचा. आडव्या नळ्या म्हणजे पोरांना शिडीच. हॉटेलवाले फोटो टाकतात पोहण्याच्या तलावाचे नि नाश्त्याचे, कठड्याचा कोण टाकतो? राहून आलेल्या लोकांचे फोटो बघ, त्यांत दिसतो.

बघ, लिहिणार नव्हतो.

लाडवांच्या डब्याची गोष्ट तुला पाठ आहे. १९९३ साली आपण वेरूळला गेलो होतो, स्टँडजवळच्या लॉजवर दुसऱ्या मजल्यावर उतरलो होतो, तू तीन वर्षांची होतीस, आणि आईने बांधून दिलेला डबा तू गॅलरीतून खाली टाकलास. खाली रिक्षाच्या टपावर लाडू फुटले. दर दिवाळीला आत्या सांगते, सगळे हसतात, मीही हसतो. पण डबा टाकताना तू कुठे होतीस ते त्या गोष्टीत येत नाही. तू तिसऱ्या नळीवर उभी होतीस. पोट कठड्याच्या वर होतं. मी आत बुटाची नाडी बांधत होतो. शेजारच्या खोलीतल्या बाईंनी तुझा फ्रॉक मागून धरला. त्यांचं नावसुद्धा मी विचारलं नाही. संध्याकाळी कैलास लेण्यासमोर उभा होतो, अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला, आणि मला काही दिसत नव्हतं. तुझा हात इतका घट्ट धरला होता की तू रडलीस.

ओजस तुझ्यावरच गेलाय. परवा व्हिडिओ कॉलवर खिडकीच्या गजाला लटकलेला पाहिला.

रागावू नकोस. तू माझ्यापेक्षा जास्त लक्ष ठेवतेस, मी पाहिलंय. ओजसला ताप असताना रात्रभर त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होतीस. त्या दिवशी आईला म्हणालो, ही आपल्यापेक्षा चांगली आई झाली.

माईंना नमस्कार. पोहोचल्यावर फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. पैसे जास्त पडले तरी चालतील, तळमजल्याची खोली माग. फरक मी देतो.