फोर्टच्या दुकानांसाठी निम्म्या खर्चाचे अनुदान हवे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या सुशोभीकरणासाठी महापालिकेने २०२२च्या अखेरीस सुमारे १,७०० कोटी रुपयांचा कार्यक्रम हाती घेतला. पदपथ, दुभाजक, उड्डाणपुलांखालच्या भिंती अशी कामे त्यातून निघाली. विजेच्या खांबांना गुंडाळलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा कोणाला किती आवडल्या, या वादात मी पडत नाही. मात्र बाजारपेठेतून चालणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर सतत असतो तो दुकानांचा दर्शनी भाग, आणि त्याच्याशी पालिकेचा संबंध येतो तो बहुधा नोटीस बजावण्यापुरताच. हे बदलण्यासाठी दर्शनी भागाच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च दुकानदाराने आणि निम्मा पालिकेने उचलावा, अशी अनुदान योजना प्रथम फोर्ट परिसरात सुरू करावी, अशी मागणी मी या पत्राद्वारे करीत आहे.

फोर्टचेच नाव घेण्यामागे कारण आहे. क्रॉफर्ड मार्केटपासून हुतात्मा चौकापर्यंतचा दादाभाई नौरोजी मार्ग म्हणजे पूर्वीचा हॉर्नबी रोड. येथील इमारतींच्या तळमजल्यावर कमानींचा सलग व्हरांडा असावा, असा नियम १८९६ मध्ये झाला, आणि म्हणूनच आजही भर पावसात या रस्त्याचा बराचसा भाग छत्री न उघडता चालता येतो. शंभर वर्षांनंतर या कमानी फलकांखाली गाडल्या गेल्या होत्या. तेव्हा वास्तुसंवर्धक, दुकानदार आणि रहिवासी यांनी एकत्र येऊन, पाटी कमानीच्या आत बसवावी, खांब झाकू नयेत, अशी साधी पथ्ये ठरवून घेतली आणि अनेकांनी ती पाळली. या प्रकल्पाला २००४ साली युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला. दुकानदाराला विश्वासात घेतले तर तो ऐकतो, याचा पुरावा बाहेर शोधायची गरज नाही. मात्र केवळ उत्साहावर चाललेले काम किती टिकते, हेही त्याच रस्त्यावर आज दिसते.

एखादा जुना फलक उतरवला जात असताना जरा थांबून पाहावे. लोखंडी चौकट अडकवण्यासाठी कमानीच्या दगडात पाडलेली भोके, त्यांत ठोकलेले आणि आता गंजून फुगलेले खिळे, त्या फुगण्याने दगडाला गेलेले तडे, वर ऑइलपेंटचे थर आणि बाजूला वातानुकूलन यंत्राच्या पाण्याचे ओघळ असे सारे तिथे असते. असा दगड रंगाचा हात मारून सुधारत नाही. जुना रंग दगड न खरवडता काढावा लागतो, सांधे सिमेंटऐवजी चुन्याने भरावे लागतात आणि हे काम येणारे कारागीर महाग पडतात. फ्लेक्स किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा लावून सगळे झाकून टाकणे त्या मानाने फारच स्वस्त आहे. दुकानदार स्वस्त मार्ग निवडतो, यात त्याची रसिकता काढण्यात अर्थ नाही.

त्यातून पागडीचे, म्हणजे एकरकमी पैसे देऊन अल्प भाड्यावर घेतलेल्या जागांचे, दुखणे. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून गोठलेल्या भाड्यात इमारत दुरुस्त करणे मालकाला परवडत नाही, आणि दुसऱ्याच्या भिंतीवर पैसा का घालावा, असे भाडेकरूला वाटते. दोघांचेही आपापल्या जागी खरे आहे आणि म्हणूनच भिंत बेवारस राहते. हा तिढा न्यायालयात सुटायला पिढ्या लागतील. सार्वजनिक पैशाचा निम्मा वाटा आला तर निदान दर्शनी भागापुरता हा तिढा बाजूला ठेवता येईल. त्यासाठी अर्ज गाळ्याचा ताबा असलेल्या भाडेकरूला करता यावा, मालकाकडून ना-हरकत पत्र घ्यावे, आणि ठराविक मुदतीत मालकाने लेखी हरकत न नोंदवल्यास त्याची संमती गृहीत धरावी.

एक संधी आपण घालवली. मराठी पाट्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि शहरभर पाट्या बदलल्या गेल्या. मराठी ठळक आली, ते योग्यच झाले. पण प्रत्येकजण पाटीवर खर्च करणारच होता, तेव्हा ती कुठे आणि किती आकाराची असावी हे सांगून थोडा हातभार लावला असता, तर त्याच खर्चात कमानीही मोकळ्या झाल्या असत्या.

फोर्टमधल्या व्यापाऱ्याला करदात्याच्या पैशाची काय गरज, हा आक्षेप रास्त आहे. तेथे मोठ्या कंपन्यांची दालने आहेत, तशीच चष्म्याची, घड्याळदुरुस्तीची, स्टेशनरीची, एकाच कुटुंबाने चालवलेली दुकानेही आहेत. या दोहोंत फरक करणारी रेषा कायद्यात आधीच आखलेली आहे. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेले भांडवल) असलेल्या कंपन्यांना भाडेकरूंच्या संरक्षणातून वगळले आहे. तीच अट अनुदानालाही लावावी. शिवाय प्रत्येक गाळ्यामागे कमाल मर्यादा असावी. समजा ती दोन लाख रुपये ठेवली, तर सुशोभीकरणाच्या १,७०० कोटींच्या केवळ एक टक्क्यात, म्हणजे १७ कोटींत, ८५० गाळ्यांचे काम होईल, आणि तेवढाच पैसा दुकानदारांच्या खिशातून रस्त्यावर येईल.

पूर्ण खर्च सरकारने करावा, असे मी म्हणत नाही. अमृतसरमध्ये टाउन हॉलपासून सुवर्णमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील इमारतींवर २०१६ साली सरकारी खर्चाने एकसारखा मुखवटा चढवण्यात आला. रस्ता देखणा झाला, पण प्रत्येक दुकानाची स्वतःची ओळख त्यात पुसली गेली. उलट अमेरिकेत १९८०च्या सुमारास सुरू झालेल्या, जुन्या बाजारपेठा सावरण्याच्या ‘मेन स्ट्रीट’ चळवळीनंतर अनेक छोट्या शहरांनी निम्म्या-निम्म्या वाट्याची पद्धत स्वीकारली. तेथे सर्वसाधारणपणे काम आधी पूर्ण करायचे, पावत्या दाखवायच्या आणि मग परतावा घ्यायचा, असा शिरस्ता आहे. ज्याने स्वतःचा पैसा घातला तो कारागिरावर लक्ष ठेवतो आणि पुढच्या पावसाळ्यात गळती लागली तर आधी तोच धावतो. आपल्याकडे पाच वर्षे देखभालीचे हमीपत्र घेऊन, ते मोडल्यास रक्कम मालमत्ता कराप्रमाणे वसूल करण्याची तरतूद जोडावी. कंत्राटदार मात्र पालिकेने नेमून देऊ नये. नाहीतर ८५० गाळ्यांना एकच रंग लागेल आणि बिलही एकाच माणसाचे येईल.

पैशाइतकीच परवानगीची अडचण आहे. वारसा समिती, इमारत प्रस्ताव खाते, फलकांचा परवाना विभाग अशा खिडक्या पालथ्या घालण्यापेक्षा बेकायदा पत्रा ठोकणे सोपे जाते. म्हणून फोर्ट ज्यात येतो त्या पालिकेच्या ए विभाग कार्यालयात एका वास्तुसंवर्धकाची नेमणूक करून, ठरवून दिलेल्या आराखड्यात बसणाऱ्या अर्जांना तीस दिवसांत तेथेच मंजुरी द्यावी. येत्या अर्थसंकल्पात या पदाची आणि पहिल्या वर्षाच्या अनुदानाची तरतूद झाली, तर पावसाळा संपताच कामे सुरू करता येतील.

आपला,
एक नियमित वाचक,
गिरगाव, मुंबई