आजीला काखेतून ओढू नका

लेस्टर, इंग्लंड, २ फेब्रुवारी २०२६

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. फोनवर तू "जेवलीस का" विचारतेस, मागे आजी हुंदके देते आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. वहिनी वाचून दाखवेल, दादाला देऊ नकोस, तो गाळून वाचतो.

तुला काळजी वाटते, की मी म्हाताऱ्यांची सेवा करायला परक्या घरात एकटी जाते. हे खरं. पण घरोघरी सेवेला बायका पाठवणाऱ्या दादरच्या ब्युरोतून बारा-बारा तासांच्या ड्युट्या केल्या, तेव्हा कुठे ओळखीच्या घरात जात होते? इथे घरात शिरताना नि निघताना मोबाइलवर नोंद करायची. नाही केली तर ऑफिसातून फोन येतो. कुत्रा मोकळा असेल तर आत पाऊल टाकायचं नाही. आणि माझ्या कंबरेची काळजी सोड. उठता न येणाऱ्याला झोळीत घालून यंत्राने उचलतात, त्यालाही आम्ही दोघी असतो. मेथी-कोथिंबीर मेल्टन रोडच्या गुजराती दुकानात मिळते. मावशीला सांग, हो, शी-शूच काढते. मुंबईतही तेच करत होते.

एक गंमत सांगते. इथे दाराशेजारी भिंतीवर मुठीएवढी लोखंडी डबी ठोकलेली असते, वर आकड्यांची बटणं. पेशंटला उठून दार उघडता येत नाही, म्हणून घराची किल्ली त्या डबीत. घराच्या आत नाही गं, बाहेर, रस्त्यावरच्या भिंतीला! आकडे दाबायचे, झाकण उघडतं, किल्ली काढायची, दार उघडायचं, किल्ली परत आत, झाकण बंद, आकडे विस्कटायचे. मग आत शिरताना मोठ्याने हाक, नाहीतर म्हातारं माणूस दचकतं. आकडे पत्त्याशेजारी लिहून ठेवायचे नाहीत, पाठ करायचे. पहिल्या दिवशी थंडीने बोटं बधिर, तीनदा चुकले. आपली किल्ली खालच्या काकूंकडे असते, आणि किल्लीबरोबर कोण आलं-गेलं त्याची बातमीही. डबीला बातमी नसते. बाबांनी मात्र हे चाळीत सुरू करू नये.

ट्रेनिंगचं विचारलं होतंस. केअर सर्टिफिकेट म्हणतात, म्हणजे सेवेच्या कामाचं सुरुवातीचं शिक्षण. गेल्या वर्षी जानेवारीत मी आले तेव्हा त्याचे १५ भाग होते, मार्चमध्ये सोळावा वाढला. रबरी पुतळ्याची छाती दाबायची, ३० दाब नि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने, घामाघूम झाले. टबातलं पाणी थर्मामीटरने मोजायचं, ४४ डिग्रीच्या वर असेल तर माणूस आत नाही. तुझं कोपर बुडवून बघणं इथे चालत नाही.

एके दिवशी बाईंनी विचारलं, पेशंट पलंगावर खाली घसरला तर वर कसा घेणार? मी तोऱ्यात पुढे गेले, एका मुलीला काखेत हात घालून ओढलं. वर्ग गप्प. हे इथे अजिबात करू देत नाहीत. म्हाताऱ्या माणसाचा खांदा त्याने निखळू शकतो.

आजीचा डावा खांदा वाताने दुखतो, असं आपण म्हणत आलो. खुबा मोडल्यावर चार महिने तिला रोज मीच तशी ओढत होते.

तर आता असं करा. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी चादर दुमडून तिच्याखाली घाला. तू एका बाजूला, वहिनी दुसऱ्या. चादर अंगाजवळ घट्ट गुंडाळून धरा, गुडघे वाकवा, आणि "एक, दोन, तीन" म्हणून सरकवा. उचलायचं नाही. तू एकटी असशील तर थांब, दादा येऊ दे. कुशीवर वळवताना पलीकडचा गुडघा आधी वाकव, मग खांदा नि कंबर धरून आपल्याकडे घे. माकडहाड आणि टाचा रोज बघ. लाल दिसलं तर बोटाने दाबून सोड. लाली गेली नाही तर डॉक्टरांना दाखव, पावडर फासू नकोस. आणि तिची खाट देव्हाऱ्यापासून लांब घे. अंगाला लावलेलं मलम कपड्यात मुरतं, त्यावर निरांजनाची ठिणगी पडली तर भडकायला वेळ लागत नाही. हे मला तिथे असताना कोणी सांगितलं नव्हतं.

पैसे २५ तारखेला पाठवलेत. पतपेढीचा हप्ता, आजीचे डायपर, उरतील ते तुझे. एजंटाला दिलेले फिटले की पहिल्या तुझ्या पाटल्या सोडवू, दिवाळीपर्यंत नक्की. नक्की म्हणजे बहुतेक.

डोंबिवलीच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा बरा आहे. पण ११ मार्च २०२४ पासून केअरच्या कामावर इथे आलेल्यांना नवरा-मुलं सोबत आणता येत नाहीत. म्हणजे लग्नानंतर तो डोंबिवलीत, मी इथे. त्याच्या आईला हे आधीच सांग, मग बघू त्या काय म्हणतात. मी नाही म्हटलेलं नाही.

आजीला खांद्याचं सांगू नकोस. आल्यावर मीच सांगेन. तोवर तेल लावताना डावीकडे हळू.

तुझी,
ताई