आई, कावळ्याचं प्रकरण ठेवू का?

पुणे, ३ ऑगस्ट २०२५

ती. आई आणि ती. बाबा यांस शि. सा. नमस्कार.

फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. आई, परवा तू विचारलंस, "माणसाच्या मरणावर हसायचं असतं का गं?" आणि मी काही बोलायच्या आत दूध ओतू जातंय म्हणून फोन बाबांच्या हातात दिलास. बाबा धोम धरण किती भरलं तेवढं सांगून थांबले. माझ्या नव्या कादंबरीची प्रूफं तुम्ही दोघांनी वाचलीत आणि अकराव्या प्रकरणापाशी दोघंही अडलात, हे तेवढ्यात मला कळलं.

त्या प्रकरणात मी आपल्या आजोबांचा दहावा लिहिला आहे. नावं बदलली, गाव बदललं, नदी मात्र कृष्णाच ठेवली. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ती माझी चूक.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं आहे, आई. मी ऑफिसात दिवसभर डेथ क्लेमच्या फायली बघते, हे तुला माहीत आहे. विमा कायद्याचं एक कलम आहे, ४५वं. पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं उलटली की कंपनीला तिच्यावर हरकत घेता येत नाही, अगदी आजार लपवून काढलेली असली तरी. तीन वर्षांच्या आत माणूस गेला तर मात्र चौकशी लागते. हे कलम मी इतक्या वेळा वाचलंय की एके दिवशी त्यातून एक घरच उभं राहिलं. अट्ठावन्न वर्षांचा बिनलग्नाचा काका, त्याचं दुखणारं हृदय, ते लपवून पुतण्यांनी काढलेली पॉलिसी. आता काकाला तीन वर्षं जगवणं भाग आहे. ज्याच्या ताटात कधी कुणी तूप वाढलं नाही, त्याला बदाम भिजवून मिळायला लागतात. ज्या सुनेनं दहा वर्षांत त्याच्याशी धड बोलणं केलं नाही, ती रोज त्याचे पाय चेपते. आणि काकाला वाटतं, शेवटी रक्ताचं नातं ते.

काका बरा होत जातो आणि घर तारखा मोजत जातं, हे वाचताना बाबा हसले असं, आई, तूच सांगितलंस. बाबा, तुम्ही काकाला हसला नाहीत, त्याच्या पलंगाभोवती जमलेल्यांना हसलात. मी लिहिते त्यातलं सगळं हसू त्याच बाजूचं असतं. मेलेल्या माणसाची थट्टा माझ्या चारही पुस्तकांत कुठे सापडली, तर ते पान मी काढून टाकेन.

असं लिहिण्याची रीतही मी घरातच शिकले. बाबा, तुम्ही कोर्टात शिरस्तेदार होतात आणि रात्री जेवणं झाल्यावर कधी कधी पंचनाम्याची भाषा कशी असते ते ऐकवायचात. "पंचनाम्यात विशेषण नसतं," हे तुमचं वाक्य. नुसतं जे दिसलं ते, आणि दिसलं त्या क्रमानं. मयत उताण्या स्थितीत. अंगावर पांढरा सदरा, त्याचं वरून दुसरं बटण नाही. डाव्या मनगटावर घड्याळ, चालू स्थितीत. त्या "चालू स्थितीत"नं मी तेव्हा किती वेळ जागी राहिले होते! माणूस थांबला आणि त्याचं घड्याळ चालू आहे, आणि लिहिणाऱ्यानं ते जप्तीच्या मालात धरलंय. हसू येतं आणि त्याच क्षणी पोटात खड्डा पडतो. मला पुस्तकभर तेवढंच साधायचं असतं. "भीषण", "काळीज चिरणारं" असे शब्द मी कच्च्या खर्ड्यात लिहिते आणि पक्क्यात तुमच्यासारखी खोडते. बाई रडली असं लिहिण्यापेक्षा रडता रडता तिनं गॅस बारीक केला असं लिहिलं की वाचणाऱ्याला ती बाई दिसते.

काका मरतो ती रात्र ३० जून २०२४ची आहे, हे तुम्ही लगेच ओळखलंत. १ जुलैपासून भारतीय दंड संहितेच्या जागी नवा कायदा, भारतीय न्याय संहिता, लागू झाला आणि खुनाचं ३०२ कलम जाऊन तिथे १०३ आलं. त्यामुळे मरण बाराच्या आधीचं की नंतरचं यावर अंमलदाराची सगळी मदार. शिक्षा दोन्हीकडे तीच, फाशी नाहीतर जन्मठेप, पण कुठल्या कायद्याखाली गुन्हा नोंदवायचा म्हणून अख्खं पोलीस ठाणं मृतदेहाशी घड्याळ लावून बसलेलं. प्रूफाच्या समासात तुमच्या पेन्सिलीनं लिहिलंय, "विष कधी दिले ते पाहावे. केव्हा मेला यावर जाऊ नये." एवढ्या एका ओळीनं शेवटची चाळीस पानं मला नव्यानं लिहावी लागली, आणि ती आता खरी झाली आहेत. तुमचे उपकार कसे मानू?

विषाबद्दल आईनं विचारलंय, हे सगळं कुठून शिकते म्हणून. आई, रहस्यकथा लिहिणारी अगाथा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या रुग्णालयात आधी नर्स होती आणि मग तिथल्याच औषधखान्यात काम करायला लागली. कुठलं औषध किती मात्रेत तारतं आणि किती मात्रेत मारतं, हे तिनं तिथे, रोजच्या कामात, बाटल्या भरता भरता शिकून घेतलं. १९२० साली तिची पहिली कादंबरी आली, तिच्यातलं विष स्ट्रिक्निन. आणि स्ट्रिक्निन म्हणजे काय, तर आपल्या आजोळच्या काजऱ्याच्या बियांत असतं ते! नारिंगासारखी ती फळं, आत बटणासारख्या चपट्या बिया. वेचून आणल्या म्हणून तुझ्या आईनं मला विहिरीवर नेऊन तीनदा हात धुवायला लावले होते. तीच आजी पुढे सांगायची की वैद्य त्याच बिया शुद्ध करून वातावर देतात. मारणारं आणि बरं करणारं एकाच झाडाला लागतं हे मला सात-आठ वर्षांची असताना कळलं. अगाथाला क्लेम खात्यातली फायलींची कपाटं नव्हती, मला टॉर्कीचा औषधखाना नव्हता. पण ज्याच्या त्याच्या पोटापाण्याच्या कामातच त्याची गोष्ट दडलेली असते, हे मी तिच्याकडून घेतलं.

माझा दिवस तुम्हाला माहीतच आहे. पहाटे साडेचारला उठते, सातपर्यंत लिहिते, मग डबा, मग ऑफिस. रोज साधारण पाचशे शब्द, त्यातले दोनशे दुसऱ्या दिवशी जातात. खून कुणी केला ते मला पहिल्या पानाच्या आधी पक्कं ठाऊक लागतं. घरात कुठली फरशी हलते, कुत्रं कुणाला भुंकत नाही, हे मी वेगळ्या वहीत मांडून ठेवते. पैसे फार नाहीत, पहिली आवृत्ती हजार प्रतींची आणि ती खपायला दोन-अडीच वर्षं. म्हणून नोकरी सोडायचा विचार नाही, बाबा, ती काळजी करू नका.

लोक विचारतात तेव्हा काय सांगायचं, असं तुम्ही म्हणालात. त्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण आपल्याकडे रहस्यकथेला पंगतीत शेवटचं पान मिळतं. पण बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड तुम्ही कायद्याच्या पुस्तकात लपवून वाचायचात, हे आजोबांनीच मला सांगितलंय. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. गिरणीतून सुटलेला कामगार, मॅट्रिकचा मुलगा, दुपारची भांडी आवरलेली बाई, या सगळ्यांना त्यांनी वाचनाची गोडी लावली. त्या मोठ्या कुळातली मी आहे. लोकांना सांगा, मुलगी रहस्यकथा लिहिते. एवढं पुरे आहे, आणि ते ताठ मानेनं सांगा.

आई, तू तर हे कधीच केलंस. माझ्या पहिल्या कादंबरीच्या बांधणीत शेवटचा सोळा पानांचा फर्मा भलत्याच पुस्तकाचा लागला होता, आठवतं? खुनी कोण ते सांगायची वेळ आली आणि पुढच्या पानावर लोणच्याच्या पाककृती. मी चार दिवस जेवले नव्हते. आणि तू फुलस्केप कागद आणून माझ्या हस्तलिखितावरून ती सोळा पानं स्वतःच्या अक्षरात उतरवलीस आणि गावातल्या ग्रंथालयाच्या प्रतीत डिंकानं चिकटवलीस. "वाचणाऱ्याला तरी शेवट कळू दे." गेल्या दिवाळीला मी ती प्रत बघून आले. तुझी पानं बाकीच्यांपेक्षा जास्त मळली आहेत.

आता तो दहावा. १९९८चा मार्च, मी चौदा वर्षांची. घाटावर दगड तापायला लागले होते. पिंड मांडले, सगळे मागे सरले आणि कावळा शिवेना. पलीकडच्या पिंपळावर सात-आठ बसलेले, मान वाकडी करून बघताहेत, पण एक खाली येईल तर शपथ. मोठे काका पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "दादा, बांधाचं भांडण मिटवतो." काही नाही. आत्या म्हणाली, "माझी पाटल्यांवरची अढी सोडली." काही नाही. मग जो तो पुढे होऊन काहीबाही कबूल करायला लागला. सगळ्या भावकीची वर्षानुवर्षांची गुपितं त्या अर्ध्या तासात भर उन्हात बाहेर आली. गुरुजींना अकराला दुसरीकडे जायचं होतं, ते दर्भाचा कावळा वळायला लागले. तेव्हा तू, आई, पदर सावरून पुढे गेलीस आणि हळूच म्हणालीस, "मामंजी, तुमची तपकिरीची डबी कुणी टाकून देणार नाही. मी जपेन."

कावळा आला. एकच आला, थेट मधल्या पिंडावर.

आणि बाबा, तुम्ही हसलात. दहा दिवसांत तुमच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, सगळे कुजबुजत होते की पोरगा दगड झालाय. तुम्ही हसायला लागलात, काका हसले, आत्या तोंडाला पदर लावून हसली, गुरुजीसुद्धा. तुमचं हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते मला कळलं नाही. मी तुमच्याकडेच बघत होते. तुम्ही पायरीवर बसलात आणि "डबी, डबी" एवढंच म्हणत राहिलात.

आई, माणसाच्या मरणावर हसायचं असतं का, हे तू मला विचारतेस. मला तर ते त्या पायरीवर बसलेल्या बाबांनी शिकवलं. त्या दिवशी ते हसले नसते तर रडलेही नसते. त्यानंतर मी जे काही लिहिलं ते त्या अर्ध्या तासाच्या आसपासचंच लिहिलं, फक्त इतकी वर्षं लांबून. या वेळी पहिल्यांदा घाटावर उतरायचं धाडस झालं.

तरीही तो दहावा तुमच्या वडिलांचा आहे, बाबा, आणि ते वाक्य तुझं आहे, आई. तुमच्यापैकी एकाचंही मन नको म्हणत असेल तर अकरावं प्रकरण जाईल. कादंबरी त्याच्यावाचून उभी राहते, मी करून बघितलंय. मी रागावणार नाही आणि पुन्हा विषयही काढणार नाही.

प्रूफं २० तारखेला छापखान्यात द्यायची आहेत. १५ ऑगस्टच्या सुट्टीला मी वाईला येतेय, सकाळच्या एसटीनं. तोवर प्रकरण एकदा दोघांनी बसून वाचा, बाबांनी मोठ्यानं वाचून दाखवलं तर फार बरं. ठेवायचं असेल तर पान १४३ बघा. डबीचा रंग मी पितळी लिहिलाय, पण मला मधूनच वाटतं की ती जर्मन सिल्व्हरची होती. आई, कपाटातून काढून बघून ठेव.

तुमची
मंजू