मिशनचा माणूस आपल्याच जिल्ह्यातला

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयी वर्तमानपत्रांत बहुधा दोनच तऱ्हेने लिहिले जाते. एक तर शे-दीडशे वर्षांपूर्वी परदेशातून आलेल्या साहेब-मडमांचे गुणगान, नाहीतर धर्मांतराचा वाद. शेवगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी सगळी नोकरी गेली. मी ख्रिस्ती नाही. आमच्या घरात पंढरीची वारी आहे. पण खेड्यापाड्यांत मी मिशनचे जे लोक पाहिले, ते या दोन्हींत कुठेच दिसत नाहीत. ते याच जिल्ह्यात जन्मलेले, आमचीच बोली बोलणारे आणि उन्हाळ्यात आमच्यासारखेच टँकरच्या रांगेत उभे राहणारे होते. त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या शाळेत कुष्ठरोगाच्या तपासणीला मिशनचे एक कार्यकर्ते सायकलवर यायचे. मुलांना सदरे काढायला सांगून व्हरांड्यात उजेडाकडे पाठ करून उभे करायचे. फिकट चट्टा दिसला की पोराला डोळे मिटायला लावायचे, कापसाची बारीक वात चट्ट्याला टेकवायची आणि विचारायचे, “कुठं लागलं? बोट ठेव बघू.” बोट बरोबर जागी पडले की पोराच्या पाठीवर थाप. पडले नाही, तर तिथे एक अक्षर बोलायचे नाहीत. वहीत खूण करून पुढच्या मुलाकडे वळायचे आणि दिवेलागणीला, गल्लीत वर्दळ कमी झाल्यावर, त्या घरी जायचे. कारण उघड होते. नुसता संशय जरी बाहेर फुटला, तरी त्या घराचे पाणी बंद व्हायचे, लेकीचे जमलेले लग्न मोडायचे.

सहावीतल्या एका मेंढपाळाच्या मुलाच्या दंडावरचा चट्टा त्यांनी असाच ओळखला. त्याआधी एका दवाखान्यात गजकर्ण समजून त्याला कितीतरी दिवस मलम दिले होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्ये बहुविध औषधोपचार सुचवला. तेव्हापासून गोळ्यांनी हा रोग बरा होतो. आता चट्टे थोडे असतील तर सहा महिने आणि जास्त असतील तर वर्षभर त्या घ्याव्या लागतात. मुलगा बरा झाला, बोटे शाबूत राहिली. आज तो स्वतःचा वाडा घेऊन मेंढ्या राखतो. गोळ्या सरकारच्याच होत्या. पण मेंढरांमागे गावोगाव फिरणाऱ्या कुटुंबाला गाठून पोराच्या हातावर महिन्याचे पाकीट कोणी ठेवायचे? ते काम त्या सायकलवाल्या माणसाने केले.

ज्यांना उपचार उशिरा मिळाले, त्यांच्या पायांची संवेदना गेली ती गेलीच. बधिर पायात खडा घुसला तरी कळत नाही, मग जखम चिघळते आणि बोटे झडतात. हेच कार्यकर्ते त्यांच्या ओट्यावर बसून घमेल्यात पाय अर्धा तास भिजवून घ्यायचे, घट्टे खरबरीत दगडाने घासायचे आणि ओल्या पायालाच तेल चोळायचे. एमसीआर, म्हणजे मऊ रबरी तळाच्या चपला आणून द्यायचे. अशा चपलांना खिळा मारलेला चालत नाही, म्हणून प्रत्येक चपलेत आधी स्वतःचा हात फिरवून बघायचे. रोग्याच्या घरचे जिथे ताट लांबून सरकवत, तिथे हा माणूस त्याच्याच तांब्यातले पाणी प्यायचा. हे मी समोर बसून पाहिले आहे.

आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, या बाबतीत भाग्यवान म्हटला पाहिजे. अमेरिकन मराठी मिशनचे काम इथे १८३१ पासून आहे. नगरची मिस फरार यांची मुलींची शाळा जोतिराव फुल्यांनी पाहिली होती आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, हे आम्ही वर्गात शिकवत आलो. पण फरारबाईंचे नाव राहिले. वाडीवाडीवर जाऊन मुली गोळा करणाऱ्या, दारोदार विनवण्या करणाऱ्या मराठी ख्रिस्ती बायकांची नावे पाठ्यपुस्तकात नाहीत.

अगदी अलीकडचे बघा. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले दांपत्य जामखेडला आले. शहरात दवाखाना थाटला असता तर पैसा काही कमी मिळाला नसता. त्यांनी गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवले. त्यांत दलित होत्या, कधी शाळेची पायरी न चढलेल्याही होत्या. बाळंतपण, बाळाचे वजन, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, क्षय आणि कुष्ठाची पहिली लक्षणे हे सगळे त्या बायका सांभाळू लागल्या. १९७९ मध्ये या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गावातलीच बाई गावाचे आरोग्य पाहील, ही गोष्ट जामखेडने करून दाखवली, आणि सरकारची आशा योजना आली ती २००५ मध्ये. निवृत्तीनंतर मी मुद्दाम जामखेडला जाऊन आलो. मला तर वाटते, आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शिक्षकाने एकदा तिकडे जावे.

धर्मांतराविषयी मला माहीत आहे तेवढेच सांगतो. आमच्याकडची ख्रिस्ती घरे आजोबा-पणजोबांच्या काळापासूनची आहेत, बहुतेक महार-मांग वाड्यांतली. गावच्या विहिरीवर ज्यांना पोहरा टाकू देत नव्हते, शाळेत दाराबाहेर बसवत होते, त्यांना मिशनच्या शाळेत आत जागा मिळाली. त्याचा दोष मी मिशनला देणार नाही. आज कुठे दांडगाई किंवा फसवणूक होत असेल, तर तिथे कायद्याने जरूर बघावे. पण बाईच्या बाळंतपणाला रात्री धावून आलेल्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी “तू कशाला आली होतीस?” असे चावडीवर विचारले जाते, तेव्हा मला फार वाईट वाटते. त्या सिस्टरने मोबदला म्हणून साधे भाडेसुद्धा घेतलेले नसते.

आणखी एक अडचण आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने आलेला निधी दुसऱ्या संस्थेला देणे बंद झाले. हिशेब चोख हवेत, याबद्दल दुमत नाही. पण खेड्यातल्या लहान संस्था मोठ्या संस्थांकडून येणाऱ्या अशा थोड्या पैशांवरच चालत. दोन माणसांचे मानधन आणि पेट्रोल एवढाच त्यांचा खर्च. त्यांना बसलेली झळ मी आमच्या भागात पाहिली आहे.

कुष्ठरोग देशपातळीवर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण इतका खाली आल्याचे २००५ अखेर जाहीर झाले. तेव्हापासून लोकांची समजूत झाली की तो संपला. प्रत्यक्षात जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातले असतात. आशाताई घरोघर जातात, मेहनत करतात. पण चट्टा पारखणारी ती नजर एका दिवसाच्या प्रशिक्षणात येत नाही. मिशनचे ते जुने कार्यकर्ते आता सत्तरीच्या पुढे आहेत. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने शोधमोहिमेआधी त्यांना तालुक्याला बोलवावे, आशाताईंना त्यांच्या हाताखाली चार रुग्ण तपासू द्यावेत, पायाची निगा शिकू द्यावी. प्रवासभत्ता मिळाला तरी ते येतील. आपल्या दैनिकाने नगर, बीड, सोलापूर भागांतल्या अशा माणसांच्या आणि सिस्टरांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून घेऊन छापाव्यात. आमच्या तालुक्यातल्यांचे पत्ते मी आनंदाने मिळवून देईन.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
ता. शेवगाव, जि. अहिल्यानगर